क्वार्क एकटा राहत नाही

शिशाची दोन अणुकेंद्रकं प्रचंड वेगाने आदळली की प्रोटॉनच्या भिंती वितळतात आणि आतले क्वार्क नावाचे कण क्षणभर मोकळे फिरतात. अशा टकरींच्या नोंदी तपासणं ही माझी नोकरी. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये, विसाव्या मजल्यावर, मी हे एकदा आईला सांगत होतो.

"थंड झाल्यावर जो तो आपापल्या घरी परत जातो?" तिने विचारलं.

"नाही गं. जवळ सापडेल त्याला धरतो. क्वार्क एकटा राहूच शकत नाही."

चाळीत आमचं दार फक्त झोपताना लागायचं. आई उठली, तिने दार सताड उघडलं आणि समोरच्या बंद दाराकडे बघत बसली.

एसी चालू होता. मी वैतागून दार लावून घेतलं.