बैलाचे वरचे दात

‘वर्गाबाहेरचे शिक्षण’ हा निबंध मला आजही अख्खा पाठ आहे. ‘ज्ञानगंगा शाळेच्या चार भिंतींत कोंडून राहत नाही’ अशी त्याची सुरुवात. त्या निबंधाची मला किळस येते. कंटाळा नाही, किळस. आंबलेल्या भाताची तार बोटाला लागावी आणि पुसली तरी जाऊ नये, तशी.

आमच्या मलकापूरच्या हायस्कुलात हा निबंध हेडमास्तर स्वतः सांगायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. परीक्षेत तो हमखास यायचा. विद्यार्थ्याने क्रमिक पुस्तकाबाहेरचं वाचावं, सृष्टी डोळ्यांनी पाहावी, हाताने करून बघावं, असं त्यात छान लिहिलेलं होतं. आणि आम्ही ते संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या घालत घोकायचो. बाप ओसरीवर बसून ऐकायचे, एखादा शब्द गळला की टोकायचे. यात काही विचित्र आहे असं कुणालाही वाटत नव्हतं. एका पोराने त्यात सुगरणीच्या खोप्याबद्दल स्वतःची दोन वाक्यं घातली, तर हेडमास्तरांनी त्यावर लाल रेघ मारून ‘विषयांतर’ असं लिहिलं.

हेडमास्तर तपकीर ओढायचे. सांगता सांगता ‘सृष्टी हीच खरी शाळा’ या वाक्यापाशी थांबून चिमूट नाकात कोंबायचे आणि मग तो तपकिरी रुमाल काढायचे. पुढच्या बाकावरच्या वह्यांवर शिंतोडे उडायचे. माझा बाक पहिलाच होता. त्या निबंधाचं माझं पान कायम ठिपक्यांचं होतं.

मी वरच्या वर्गात गेलो त्या वर्षी एक तरुण मास्तर आले. सोनाळ्याकडचे, शेतकऱ्याघरचे, सायन्स शिकवायला. नोकरी हंगामी होती. इन्स्पेक्टरसाहेबांची तपासणी झाली की कायम करू, असं त्यांना सांगितलेलं. बायको आणि म्हातारी आई गावी होती. त्यांना आणायचं म्हणून त्यांनी आमच्या गल्लीच्या टोकाला एक खोली बघून ठेवली होती. जाता येता ते त्या खोलीच्या कुलपाकडे बघायचे, हे मी पाहिलेलं आहे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “बैलाच्या वरच्या जबड्यात समोरचे दात किती?”

आम्ही कारकून-वकिलांची पोरं. कुणी सहा म्हणालं, कुणी आठ. मी छाती काढून आठ म्हणालो. मागच्या बाकावर दुसरबीडचा एक पाटलाचा पोर नातेवाईकांकडे राहून शिकत होता. तो खाली मान घालून हसत होता. मास्तरांनी त्याला उभं केलं.

“नसतात जी,” तो म्हणाला. “वरते समोरचे दातच नसतात त्याले.”

“मग आधी काऊन नाही बोललास?”

“मले वाटलं शाळेतल्या बैलाले असतीन.”

वर्ग खो खो हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. ते खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, “रविवारी सकाळी स्टेशनवर या. ज्याला यायचं त्यानं.”

मलकापूर स्टेशनच्या मालधक्क्याला दोन बाजू होत्या. एका बाजूला कापसाच्या गाठी, तिथे शेटजी, दलाल, अडते, सगळ्या गावाची ऊठबस. दुसऱ्या टोकाला, रुळांच्या पलीकडे, हड्डीगोदाम. खेड्यापाड्यांतून मेलेल्या गुरांची हाडं गाड्यांनी तिथे यायची आणि मालगाडीच्या वाघिणींत भरून मुंबईला जायची, खतासाठी. गावातलं कुणी तिकडे फिरकत नसे. वारा तिकडून सुटला की बाया खिडक्या लावून घ्यायच्या. आणि ती हाडं वेचून आणणाऱ्या माणसांना आमच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. कापूस गेला मुंबईला आणि हाडं गेली मुंबईला, एकाच गाडीने. पण एकाचा पैसा मोजताना हात विटाळत नव्हता आणि दुसऱ्याकडे नुसतं पाहिलं की विटाळ व्हायचा.

आम्ही गेलो. वासाचं मी काय सांगू? नाकातून नव्हे, तो तोंडातून आत जायचा. माझ्या शेजारचा पोर कुंपणापाशीच ओकला. मलाही उमासा आला, मी नाक सदऱ्यात खुपसलं. मास्तरांनी त्याला हौदावर नेऊन चूळ भरायला लावली, आणि म्हणाले, “ओकारी येणं वाईट नाही. ओकारी आली म्हणून घरी पळणं वाईट.” मग ते ढिगात शिरले आणि उन्हाने पांढरी झालेली एक कवटी काढून आणली. तिच्यावर मांसाचा कण नव्हता. म्हणाले, “बोट लाव.”

मी बोट लावलं. वरच्या जबड्याचा पुढचा भाग सपाट होता. दाताची खोबणसुद्धा नाही. खालच्या जबड्यात मात्र दातांच्या खाचा ओळीने होत्या. मास्तर म्हणाले, गाय गवत जिभेने ओढते, खालचे दात वरच्या घट्ट हिरडीवर दाबून तोडते. शिंगाचं टरफल त्यांनी ओढून काढलं, तर आत हाडाचा खुंट. शिंग पोकळ असतं आणि आत हाड असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पोळ्याला दर वर्षी शिंगं रंगवलेली बघत होतो की. दुसरबीडचा पोर मणके हुडकून ओळीने मांडायला लागला, आणि पाहता पाहता आम्ही सगळे त्यात गुंगलो. वास कधी विसरलो ते कळलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी शिकावंसं वाटत होतं, आणि ते कुणी परीक्षेत विचारणार नव्हतं.

घरी आलो आणि खरी घाण तिथे पाहिली.

आईने मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर घागरी ओतल्या. मग गोमूत्र शिंपडलं. ते आमच्याच परसातल्या गाईचं. त्या गाईच्या शेपटीचा गोंडा आई रोज सकाळी डोळ्यांना लावायची. तिच्या तोंडात काय आहे हे आमच्या घरात कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि ते पाहून आलेल्या पोराला तिच्याच मुताने शुद्ध करणं चाललं होतं. आईचा मला राग नाही. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. राग आहे तो दुसऱ्या दिवशी कोट-पगडी चढवून हेडमास्तरांकडे गेलेल्या मंडळींचा. त्यांत माझे वडीलही होते. शिकलेले लोक सगळे, इंग्रजी अर्ज लिहिणारे. पोरांना हाडकं चिवडायला लावणारा मास्तर आम्हाला नको, म्हणाले.

हेडमास्तरांनी मास्तरांना सगळ्यांसमोर झापलं. रविवारचं बाहेर जाणं बंद. “तपासणी तोंडावर आली आहे,” ते म्हणाले, “तुमचं काय ते त्यानंतर ठरेल.” आणि तिथून आमच्या वर्गात येऊन त्यांनी निबंधाची उजळणी घ्यायला सुरुवात केली. ‘सृष्टी हीच खरी शाळा.’ चिमूट. रुमाल. शिंतोडे.

इन्स्पेक्टरसाहेब आले ते नागपूरकडून, मूळचे देशावरचे, धारदार नाकाचे. वऱ्हाडी बोलणं ऐकलं की त्यांच्या मिशीखाली हसू यायचं. त्यांनी पहिल्या पोराला विचारलं, “शाळेबाहेर काय शिकलास?” पोराने हात बांधून सुरू केलं, “ज्ञानगंगा शाळेच्या चार भिंतींत...” साहेबांनी दुसऱ्याला विचारलं. “ज्ञानगंगा शाळेच्या...” तिसऱ्यानेही गंगा काढली तेव्हा साहेबांनी हात वर केला. हेडमास्तर मात्र कौतुकाने मान डोलावत होते. त्यांना खरंच वाटत होतं की उत्तम चाललं आहे.

मग माझ्याकडे बोट आलं. भिंतीपाशी मास्तर उभे होते. ते माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होते. मला काय बोलायचं ते ठाऊक होतं. पण बोललो तर मास्तरांचं भलं होईल की वाटोळं, हे कळत नव्हतं. खोलीचं कुलूप डोळ्यांसमोर आलं. शेवटी मला ती ज्ञानगंगा तोंडात धरवेना. मी म्हणालो, “आम्ही एके दिवशी मास्तरांसोबत हाडांच्या ढिगावर गेलो. आधी मला ओकारी आली. मग मी एका कवटीला बोट लावलं, आणि बैलाला वरचे पुढचे दात नसतात हे मला माझ्या बोटाने सांगितलं.”

साहेब खुर्चीतून पुढे झुकले. किती वेळ ते मला विचारत होते, आणि मी शिंगाचं, हिरडीचं, मणक्यांचं सांगत होतो. शेवटी ते हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, “उत्तम! असं शिक्षण द्यायला मुख्याध्यापकाची दृष्टी लागते.”

हेडमास्तरांनी हात जोडले. “आपली कृपा,” म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लाजेची सुरकुतीसुद्धा आली नाही. मी हड्डीगोदामात ओकलो नव्हतो, पण त्या जोडलेल्या हातांकडे पाहून माझ्या घशाशी आलं.

शाळेला चांगला शेरा मिळाला. मास्तरांना मात्र वर्ष संपताच निरोप मिळाला. पालकांची नाराजी आहे, असं कारण दिलं. एवढा शेरा ज्यांच्यामुळे मिळाला त्यांनाच काढलं, हे साहेबांना कळवायची हिंमत गावात कुणी केली नाही. माझ्या वडिलांना मी तसं म्हणालो, तर ते म्हणाले, “तू अभ्यास कर.”

मी स्टेशनवर गेलो होतो. मास्तरांजवळ एक वळकटी आणि एक ट्रंक. एवढी मोठी शाळा, पण त्यांना निरोप द्यायला मी आणि दुसरबीडचा पोर, दोघंच. वारा पलीकडून येत होता. मास्तर वळकटीची दोरी पुन्हा आवळत होते. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, “त्या खोलीवाल्याला सांग बाबू, आता नको म्हणावं. माझ्यानं सांगवलं नाही.”

मॅट्रिक होऊन मी अमरावतीला कॉलेजात गेलो. दिवाळीच्या सुटीत घरी आलो, तेव्हा धाकटा भाऊ त्याच हायस्कुलात होता. एका संध्याकाळी मी परसात हात-पाय धुवायला गेलो. तो गाईच्या अंगाला टेकून उभा होता, डोळे मिटलेले, आणि घोकत होता. ज्ञानगंगा सुरू झाली. मी तांब्या उचलला. पुढचं वाक्य आलं आणि तांब्या तसाच हातात राहिला.

“आम्ही एके दिवशी गुरुजनांसोबत अस्थींच्या राशीवर गेलो. आरंभी मला ओकारी आली. मग मी एका कवटीला बोट लावले...”

ती माझी वाक्यं होती. साहेबांना आवडली म्हणून हेडमास्तरांनी निबंधात घातली होती. ढिगाची रास केली, हाडांच्या अस्थी केल्या, मास्तरांचे गुरुजन केले. माणूस हाकलला आणि त्याचा रविवार ठेवून घेतला. सगळा वर्ग, सगळी शाळा आता त्या ढिगावर जाऊन आली होती, आणि सगळ्यांना आरंभी ओकारी आली होती.

“...आणि बैलाच्या वरच्या जबड्यात पुढे आठ दात असतात हे मला माझ्या बोटाने सांगितले.”

“काय म्हणालास?”

“आठ दात असतात.” त्याने डोळे उघडले. “काऊन दादा?”

“नसतात! एकही नसतो!”

“असतात. हेडमास्तरांनी सांगितलं. आधी ‘नसतात’ होतं म्हणे. लिहून घेताना कुणाची तरी चूक झाली असंल म्हणून त्यांनी नीट करून देल्लं.”

“तू गेला होतास का कधी हड्डीगोदामात?”

“मी काऊन जाऊ? घाण वास येते तिथं.”

मी त्याचा हात मनगटाला धरला. गाय रवंथ करत होती. मी तिचा ओठ वर उचलला आणि त्याची बोटं आत घातली, वरच्या हिरडीवर. गाईने मान झटकली, पण बिचारी चावली नाही. भावाचं तोंड वाकडं झालं होतं. मग ते हळूहळू सरळ झालं. बोटं इकडून तिकडे फिरली, पुन्हा तिकडून इकडे. सपाट. त्याने खाली वाकून गाईच्या तोंडात पाहिलं. तिच्या अंगाला टेकून तो रोज अभ्यास करत होता, आणि आज पहिल्यांदा तिच्याकडे बघत होता.

“खरंच बे,” तो पुटपुटला. “नाहीतच.”

क्षणभर मला वाटलं, जिंकलो. आता मास्तरांना कुठून तरी शोधून पत्र धाडावं, इथपर्यंत माझं मन गेलं.

भावाने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर खरीखुरी चिंता होती.

“पण दादा, परीक्षेत मग लिहायचं काय?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण तो ते ऐकायला थांबला नाही. लाळेने भरलेली बोटं त्याने सदऱ्याला पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, नाकाशी धरून वास घेतला आणि शहारला. मग त्याने गाईकडे पाठ केली, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आठ दातांपाशी आला तेव्हा तो जरासुद्धा अडखळला नाही. ओसरीवरून वडिलांचा आवाज आला, “शाब्बास!”