शिवू नका, त्याचा बाप गेलाय

मेल्यावर तरी कोणी आधार कार्ड मागणार नाय, असं वाटलं होतं.

मागितलं.

काल पेणला, दवाखान्याच्या काउंटरवर. तेकबहादूर आत चादरीखाली, आणि बाहेर माझं तेच सुरू, जे इतकी वर्षं सुरू होतं. "अहो, नेपाळचा आहे तो. त्याला आधार नसतं. नागरिकतेचं कार्ड आहे, हे बघा."

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी. तेक आमच्या जोह्याच्या गणपती कारखान्यात कामाला होता. मूर्ती उचलायच्या, टेम्पोत पेंढा घालून नीट बसवायच्या, हे त्याचं काम.

नेपाळी माणसाला इथे राहायला, नोकरी करायला व्हिसा लागत नाय, परमिट लागत नाय. दोन देशांचा करारच आहे तसा. सगळं कायदेशीर.

पण तेकच्या पोटातली भीती काही जाईना.

आधी रोह्याला एका कंपनीत वॉचमन होता. नवा ठेकेदार आला, आधार नाय म्हणून तेकला गेटबाहेर काढला. तेव्हापासून कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी शर्टाच्या खिशात. पोलिसांची गाडी दिसली की हात खिशाला.

मी चिडायचे. "अरे मेल्या, चोरी केलीयस काय?"

"नाय वहिनी. पण विचारलं तर?"

विचारलं तर. दिवसभर हेच पालुपद.

मग ते वर्ष आलं. मोबाईलवर मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. आणि नेमके तेव्हाच गावाकडे तेकचे वडील वारले. तो पोचणार कधी? भावाने तिकडे अग्नी दिला.

त्यांच्यात मुलगा असेल तिथे तेरा दिवस क्रियेला बसतो. डोकं, मिशा, भुवया, सगळं काढायचं. अंगावर पांढरं, न शिवलेलं कापड. स्वतः शिजवलेला भात एकदाच, तोही अळणी. कोणाला शिवायचं नाय, कोणाला शिवू द्यायचं नाय.

गणपतीच्या कारखान्यात सुतक नको, म्हणून तो आपणहून मागच्या खोपटात जाऊन बसला. सकाळी तेवढा ओढ्यावर आंघोळीला जायचा.

तिथे कोणीतरी त्याचा फोटो काढला. भुवया नसलेला, पांढऱ्या कापडातला अनोळखी माणूस. वर लिहिलं 'सावधान'. दुपारपर्यंत वडखळपासून सगळ्या ग्रुपवर तोच फोटो.

आम्ही जेवत होतो. बाईक थांबल्याचे आवाज आले. एक नाय, दोन नाय, बऱ्याच.

आमचे हे पेणला रंग आणायला गेलेले. कारखान्यात मी आणि हिराआत्या. हिराआत्या म्हणजे आमच्याकडे माती मळणारी वाडीवरची म्हातारी.

बाहेर येऊन बघते तर खोपटाला वेढा.

"कोन रं तू? कुठला? बोल!"

तेक मागे मागे सरकत होता. कोणी हात धरायला गेलं की अंग चोरायचा. त्याला शिवून घ्यायचं नव्हतं. त्यांना वाटलं, पळतोय.

एकाने दांडकं उचललं.

तेकचा हात छातीकडे गेला. तिथे खिसाच नव्हता! शिवलेलं कापड अंगावर नाय तर खिसा कुठून येणार?



मी धावत आत गेले. खुंटीवरच्या शर्टातली पिशवी काढली. गाठ सुटेना, दाताने फाडली. कार्ड त्यांच्यापुढे धरलं.

एकाने मोठ्याने वाचलं. "नेपाळ! बघा, बाहेरचाच हाय!"

झालं. जे कार्ड त्याने जिवापाड जपलं, तेच उलटलं.

मी ओरडत होते, करार, कायदा, काय काय. कोण ऐकतंय?

तेवढ्यात हिराआत्या मधे घुसली. कोपरापर्यंत माती.

"शिवू नको रं त्याला! बाप मेलाय त्याचा, सुतकात हाय! शिवलास तर यंदा तुझ्या घरात गनपती येनार नाय, सांगून ठेवते!"

दांडकंवाला थांबला. "खरं काय गो आत्ये?"

"डोकं बघ की त्याचं! डोळे फुटले काय तुझे?"

माणसं मागे सरली. आधी पुढची, मग मागची. मग बाईक सुरू झाल्या.

मी रडायला लागले. तेक बिचारा लांबूनच म्हणत होता, "वहिनी, पाणी प्या." त्याला मला पाणीसुद्धा देता येत नव्हतं.

त्यानंतर तो इथेच राहिला, पण ओढ्यावर एकटा कधी गेला नाय.

काल छातीत कळ आली आणि संपलं. आमच्या ह्यांनी अग्नी दिला.

त्याचा मुलगा मिलन गोव्याला हॉटेलात कामाला आहे. तोही कायदेशीरच. फोनवर आधी खूप रडला. मग हळूच म्हणाला, "काकी, इथे रूमवर क्रियेला बसलो तर लोक काही करतील का?"

बाप गेलाय, आणि पोराला नीट रडायचीही सोय नाय. मला फार राग आला. कोणावर काढू?

"इकडे ये," म्हटलं. "बापाच्या खोपटात बस."

उद्या तो रोह्याला उतरेल, तिथून पेणवरून जोह्याला येईल. रोज सकाळी ओढ्यावर दिसेल. आणि ते मेसेज परत फिरायला लागलेत. हिराआत्या आता नाय. माझा जीव थाऱ्यावर नाय.

म्हणून हे लिहितेय. पेण, वडखळ, कासू, रोहा, जिथे असाल तिथे पुढे पाठवा.

पांढऱ्या कापडातला, डोकं आणि भुवया काढलेला पोरगा दिसला तर फोटो काढू नका. घेरू नका. त्याचा बाप गेलाय. शिवू नका, वाट द्या.

तेक, जोह्याचा तुला शेवटचा नमस्कार. पोराची काळजी करू नको, मी आहे.

तुझा शर्ट घालूनच पाठवलाय तुला. कार्ड खिशात आहे.

विचारलं तर असू दे.