करंगळीखालचं बटण

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आहे. दोन हजार सालच्या आसपास जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत मी कॉम्प्युटरवर बसायचो. माझ्या हाताला फार वेग आहे, अशी तिथं माझी ख्याती होती. ती खोटी होती. मला धड टायपिंगही येत नव्हतं.

आमच्या मशीनला माऊस नव्हता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि प्रत्येक काम कमांड टाइप करून. बियाण्याच्या प्रत्येक लॉटची फाइल वेगळी. तिच्या नावात पीक, वाण, गाव, हंगाम सगळं कोंबलेलं. ही अक्कल मॅनेजरांची. शेजारी तीर्थपुरीच्या एक ताई बसायच्या. टायपिंगची परीक्षा पास, दहाही बोटं चालायची. ते लांबलचक नाव त्या न चुकता पुरं टाइप करायच्या. मी नवा होतो तेव्हा कुठली फाइल कुठं असते, हे त्यांनीच मला शेजारी बसवून शिकवलं होतं.

मी दोन-चार अक्षरं मारून करंगळीनं टॅब दाबायचो. उरलेलं नाव मशीनच पुरं करायचं. कालची कमांड परत हवी असली तर कंट्रोल आणि आर दाबून शोधायची. मशीन बसवायला आलेल्या माणसानं जाता जाता दाखवलेलं, एवढंच माझं कर्तृत्व.

मॅनेजर खुर्चीमागं उभे राहायचे. कोणाचा कागद आधी छापून निघाला, एवढंच त्यांना कॉम्प्युटरमधलं कळायचं. व्यापाऱ्यासमोर म्हणायचे, "बघा, ह्याचा रिपोर्ट निघाला बी, अन् मॅडम अजून नावच टाकून राह्यल्या. मॅडम, फाइलीचं बारसं करून राह्यल्या का?" व्यापारी हसायचा. मीही हसायचो.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ताईंनी खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"भाऊ, खरं सांगा, काय दाबून राह्यले तुम्ही? मला बी दाखवा की. रोज बोलणी खाऊन कटाळा आला."

मी झटकन कंट्रोल आणि एल दाबलं. पडदा कोरा.

"काही न्हाई, ताई. हाताची सवय."

"मंग माझेच हात बिलकुल जड झाले म्हणायचे," असं म्हणून त्या उठल्या.

हंगाम सुरू व्हायच्या आत त्यांना गोदामात धाडलं, पोत्यांवर लेबलं चिकटवायला. मला सीनियर ऑपरेटर केलं. काय ती पदवी! चार बटणं दडवून बसलेल्या माणसाला डोक्यावर स्वतंत्र पंखा. पुढं त्यांनी नोकरीच सोडली. 'कॉम्प्युटर आपल्याला जमला नाही' असं त्या घरी सांगतात, हे मला शिपायाकडून कळलं. ते ऐकूनही मी पुढची फाइल उघडली.

मॅनेजरांना हसून मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. पण ते बिचारे अडाणी तरी होते. मला सगळं माहीत होतं.

ताई हल्ली अंबडला मुलीकडं असतात. त्या संथ नव्हत्या, मी लपवलं होतं, हे त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या मुलीसमोर सांगणं माझ्याकडं बाकी आहे.