तिची कंबर

आमच्या शेजारणीला वाकून सरळ व्हायचं तर दोन्ही तळवे मांड्यांवर टेकत टेकत वर यावं लागे. बोलता बोलता ती मध्येच थांबायची, ओठ आवळायची आणि मग उरलेलं वाक्य पुरं करायची. विचारलं तर म्हणे, "काय नाय गो, जरा कंबर भरलेय." ते "जरा" कित्येक वर्षांचं होतं. भाताची लावणी, गवताचे भारे, विहिरीचं पाणी, सगळं तिच्यावरच.

गिरण्यांच्या संपात तिचा नवरा मुंबईहून घरी आला. गिरणीत मागाच्या साच्यावर उभं राहून त्याचीही कंबर गेली होती. आठवड्याभरात सासूने देवरुखहून हाडवैद्य आणवला. ओटीवर चटई अंथरली, तेल कोमट केलं. मीही बघायला गेले होते. नवरा सदरा काढत होता, तेवढ्यात ही आली आणि सरळ चटईवर पालथी झोपली.

"अगो ऊठ! तुझ्यासाठी नाय आणलाय त्याला!" सासू ओरडली.

"माझी कंबर काय लाकडाची हाय?" ती म्हणाली आणि तशीच पडून राहिली.

वैद्याने तिची पाठ चाचपली. "मणक्याशेजारचं मांस पार झडलंय हिचं. नुसतं दाबून भागायचं नाय. हिने ओझं उचलायचं बंद."

"मग पाणी कोण भरणार?" सासूने विचारलं.

दुसऱ्या दिवशी नवरा कळशी घेऊन विहिरीवर आला. बायका हळहळल्या, "अरेरे, बिचारा! कंबर दुखत्येय तरी पाणी भरतोय!"

माझं टाळकंच फिरलं. इतकी वर्षं तसलीच कंबर घेऊन ती याच विहिरीवर येत होती. तिला कुणी एकदाही बिचारी म्हटलं नव्हतं.