एक दिवस बहिरं व्हायचं होतं

माझ्या हातून आयुष्यात चुका बऱ्याच झाल्या, पण बहुतेक गुपचूप झाल्या. ही एकच अशी, की सरकारी खोलीत, गोऱ्या साहेबापुढं, नवा फेटा बांधून केली. हसायचं तर शेवटी हसा. मधे हसलात की तुमची तोंडं वाकडी होतात, आणि मग तुम्ही काय म्हणताय ते मला कळत नाही.

तर मी तोफखान्यातला माणूस. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या बाजूला आमची तोफ होती. तोफेजवळ उभं राहणाऱ्याच्या कानांचं काय होतं, हे भरतीच्या वेळी कुणी सांगत नाही. एक दिवस शत्रूचा गोळा आमच्या शेजारीच फुटला. मी वाचलो. उजवा कान तिथंच राहिला. डावा माझ्याबरोबर घरी आला, पण नावापुरता. त्यात दिवसभर गुऱ्हाळाचा चरक फिरल्यासारखी घरघर.

उचगावला परत आलो आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. तुम्ही म्हणाल, सांगायला काय झालं होतं? अहो, आमचं गाव तुम्हाला ठाऊक नाही. आमच्यातला मल्लू एकदा गाडीवरनं पडला आणि दोन महिने लंगडला. पाय कधीच बरा झाला, पण वीस वर्षं तो लंगडा मल्लूच. त्याच्या नातवालासुद्धा 'लंगड्याचा' म्हणतात. आणि मी तर लढाई मारून आलेला, छातीवर बिल्ला. हुद्दा नव्हता तरी लोक हवालदार म्हणायचे. त्या हवालदाराचा एका दिवसात 'भैरा परशा' झाला असता.

म्हणून मी ओठ वाचायला शिकलो. मराठी वाचायचो, कानडी वाचायचो. कानडी सोपं, कारण आमच्याकडची कानडी माणसं तोंड भरून बोलतात. मिशीवाला भेटला की पंचाईत. पान खाणारा त्याहून वाईट. चार माणसांत बसलो की माझे डोळे या तोंडावरनं त्या तोंडावर पळत असायचे, एका जागी टेकायचेच नाहीत. संध्याकाळी डोळे असे दुखायचे, जणू दिवसभर नांगर त्यांनीच ओढलाय. आणि काहीच कळलं नाही तर मान हलवून म्हणायचं, "व्हय."

या 'व्हय'नं मला कुठं नेऊन बसवलं सांगू? आमच्या पाटलाला छपरासारखी मिशी. एकदा देवळापुढं त्यानं मला काहीतरी विचारलं, मी "व्हय" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की आमच्या आणि शेजारच्या गावच्या भजनाच्या चढाओढीत निवाडा मी करायचा आहे. नाही कसं म्हणणार? बसलो. ज्या बाजूचा टाळवाला जास्त घामाघूम झाला, त्या बाजूला नारळ दिला. लोकांनी माना डोलावल्या. म्हणाले, हवालदाराला कान आहे.

खरं काय ते एकट्या शेवंताला ठाऊक. शेवंता म्हणजे माझी बायको. पाठीमागनं कुणी हाक मारली की ती माझ्या सदऱ्याला हिसका द्यायची. असं चार-पाच वर्षं चाललं, आणि पुढंही चाललं असतं. पण आमची तानी तीन वर्षांची झाली आणि बोलायला लागली.

मोठ्या माणसाचे ओठ वाचता येतात हो. पोरीचे नुसते गोल गोल हलायचे. ती माझ्या मांडीवर बसून काय काय सांगायची, हात नाचवायची, मग उत्तरासाठी माझ्या तोंडाकडं बघत राहायची. मी म्हणायचो, "व्हय गं बाळ." एकदा तिनं हे ऐकून भोकाड पसरलं. काय विचारलं होतं कुणास ठाऊक. त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

अशात बेळगावच्या बाजारात काकतीचा जोती भेटला. जोती माझ्याच तोफेवरचा, माझ्यासारखाच कानानं गेलेला. त्याच्या हातात पितळी कर्णा होता. बारीक टोक कानात, रुंद तोंड माणसापुढं. त्यानं सांगितलं, कॅम्पात डॉक्टरसाहेबांचं बोर्ड बसतं. लढाईत कान गेला असं ठरलं की पेन्शन लागते आणि हा कर्णा मिळतो. गावच्या पाटलाचा दाखला तेवढा न्यायचा. मी तिथंच बाजारात त्याचा कर्णा कानाला लावला. जोती त्यात ओरडला. चरकाच्या घरघरीपलीकडनं, लांब विहिरीतनं आल्यासारखं, माझं नाव ऐकू आलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

मी तसाच पाटलाकडं गेलो. आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? सरळ सांगितलं असतं, पाटील, मला ऐकू येत नाही, तसं लिहून द्या. मी काय सांगितलं? सरकारी काम आहे, चांगला दाखला द्या. पाटलानं मनापासून चांगला दाखला दिला. पाकिटात घालून लाख लावून माझ्या हातात ठेवला. आत काय लिहिलंय ते मी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं असतं तरी मिशीपलीकडनं मला दिसलं नसतं.

बोर्डाच्या दिवशी शेवंता हट्टानं बरोबर आली. तानीला तिनं शेजारणीकडं ठेवलं. गाडीतनं उतरल्यावर तिनं माझा फेटा नीट केला आणि मला दिसेल असं हळूहळू बोलली, "आजच्या दिवस तरी भैरं व्हा. एवढ्या वर्साची हुशारी आत जाऊन दावू नगा."

मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे?

व्हरांड्यात तीस-चाळीस जण बसले होते. कुणाचा पाय, कुणाचा डोळा. मला बसवेना. उठलो, खांबापर्यंत गेलो, परत आलो, फेटा काढला, पुन्हा बांधला. शेवंतानं दोनदा धोतर ओढून बसवलं. शेवटी शिपायानं दारातनं नाव पुकारलं. मी ते त्याच्या ओठांवर वाचलं आणि त्याचं बोलून व्हायच्या आत ताडकन उभा राहिलो.

झाली ना सुरुवात?

आत साहेब बसला होता. दाढी नाही, मिशी नाही, पातळ ओठ, स्वच्छ उजेड. असं तोंड मी जन्मात पाहिलं नव्हतं. छापील अक्षरच! शेजारी मराठी सांगणारा कारकून, त्याचीही मिशी कोरलेली. कारकुनानं नाव विचारलं, मी सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. साहेबानं "सिट डाऊन" म्हटलं, मी बसलो. पाच वर्षांत माणसांशी बोलणं इतकं सोपं कधी गेलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी कशासाठी आलोय तेच विसरलो. घरी कोण कोण आहे, शेतात काय पिकतं, सगळ्याला फटाफट उत्तरं. वर हसतोय!

मग कारकुनानं पाकीट फोडलं आणि पाटलाचा दाखला वाचला. सदर इसम सालस असून त्याचा कान इतका तयार आहे की पंचक्रोशीत भजनाचा निवाडा तोच करतो.

साहेबानं खुर्ची मागं सारली. कारकुनाकडं वळून अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "ही हिअर्स व्हेरी वेल."

एवढं इंग्रजी मी पलटणीत शिकलो होतो. मी चटकन उठून म्हणालो, "नो सर!"

साहेब माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं दाराकडं बोट केलं.

मी पाठ फिरवून चालू लागलो. मागं काय झालं ते मला मागाहून शेवंतानं सांगितलं, आणि त्यातलं इंग्रजी तिला नंतर कारकुनानं सांगितलं होतं. कागद टेबलावरच विसरलो म्हणून कारकुनानं मला तीन हाका मारल्या. साहेबानं मारल्या. मी आपला चाललोय. तेव्हा कारकून साहेबाला म्हणाला, बघा, काम फिसकटल्यावर आता सोंग सुरू केलं. म्हणजे ऐकू येत नव्हतं तेव्हा लोकांना वाटायचं येतं, आणि खरोखर ऐकू आलं नाही तेव्हा ते सोंग ठरलं.

शेवंता दारातच उभी होती. माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि पदर खोचून सरळ आत गेली. मी तिच्यामागं. परक्या माणसापुढं तिचा आवाज कधी निघायचा नाही, पण त्या दिवशी ती टेबलाला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, ह्येंचं कान डोळ्यांत हाईत. डोळं बांधा, मग इचारा."

कारकुनानं ते साहेबाला सांगितलं. साहेब हसला नाही. त्यानं शिपायाला खूण केली. शिपायानं माझाच फेटा सोडून माझ्या डोळ्यांवर तीन वेढे घातले.

आणि मी एकदम काळोखात पडलो. कानांत ती घरघर, बाकी काही नाही. समोर कोण आहे, किती आहेत, बोलतायत की गप्प आहेत, काही कळेना. अशा वेळी माणूस काय करतो? सवयीचं करतो. थोडा वेळ थांबलो आणि म्हणालो, "व्हय साहेब."

प्रश्न काय होते ते शेवंताकडनंच ऐका. कारकुनानं विचारलं, तुझं नाव परशराम का? व्हय साहेब. तुला शेपूट आहे का? व्हय साहेब. मग तो कारकून रंगात आला आणि त्यानं विचारलं, समोर बसलेले साहेब गाढव आहेत का? मी म्हटलं, "व्हय साहेब, अगदी."

साहेबानं विचारलं, काय म्हणतोय? कारकून म्हणाला, आपले आभार मानतोय.

मग साहेब स्वतः माझ्या मागं आला आणि कानाजवळ पत्र्याचं तबक दाणदिशी आपटलं. मी विचार केला, सारखं व्हय म्हटलं तर बरं दिसत नाही, आणि म्हणालो, "न्हाय साहेब."

साहेबानं तिथल्या तिथं सही केली. त्या सहीवर पेन्शन लागली आणि काही महिन्यांनी कर्णाही आला. तानीचा आवाज मी त्यातनं ऐकला. चिमणीसारखा असेल असं वाटलं होतं, पण निघाला आमच्या पाटलासारखा खणखणीत. पण ते पुढचं. मी अजून त्या खोलीत डोळे बांधून उभा आहे.

सही झाली आणि साहेबाची चहाची वेळ झाली. साहेब गेला. कारकून शेवंताला साक्षीचा अंगठा घ्यायला व्हरांड्यातल्या टेबलाकडं घेऊन गेला. माझी पट्टी सोडायचं काम शिपायाचं. तो कानडी माणूस. त्यानं दारातनं हाक दिली, "आयितु, होगरि!" म्हणजे झालं, जावा. आता ठार बहिरा म्हणून ज्याच्या कागदावर सही झाली, त्याला दारातनं हाक मारून काय होणार? पण त्यानं मारली, दोनदा मारली, आणि गेला.

मला वाटलं, साहेब विचारात पडलाय. बराच वेळ झाला. माझ्या जिवाची नुसती तगमग. काहीतरी बोललं पाहिजे, नाहीतर काम गेलं. आणि डोळे बांधलेले असले की एक बरं असतं, लाज दिसत नाही. मी बोलायला लागलो.

सगळं सांगितलं. गाव मला नावं ठेवेल म्हणून मी चोरासारखा राहतो. माझ्या पोरीचं बोलणं मला कळत नाही. आणि जे शेवंतालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. माझ्या तोफेवर निपाणीचा दत्तू होता. गोळा फुटल्यावर मी डोळे उघडले तेव्हा तो शेजारी पडला होता आणि माझ्याकडं बघून काहीतरी बोलत होता. ओठ हलत होते. मला वाटलं, हा आवाज का काढत नाही? तेव्हा मला ओठ वाचता येत नव्हते. थोड्या वेळानं ते हलायचे थांबले. माणसाची तोंडं मी तेव्हापासनं बघत आलोय साहेब, असं मी म्हणालो, आणि फेट्याच्या आत मला रडू आलं.

कुणी खांद्याला हात लावला नाही. मग मीच हळूच फेटा वर केला.

साहेबाची खुर्ची रिकामी. कारकुनाची रिकामी. सगळ्या खोलीत एकच माणूस, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला, छताचा पंखा दोरीनं ओढणारा म्हातारा. तो माझ्याकडं बघत होता, मान हलवत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

मला काय वाटलं म्हणून सांगू! साहेब गेला तर गेला. एका माणसानं तरी माझं सगळं ऐकून घेतलं होतं. मी त्याच्यापुढं बसलो, त्याचा हात धरला. म्हटलं, आप्पा, तुम्ही ऐकलंत, माझं ओझं उतरलं. तो मान हलवत म्हणाला, "व्हय, व्हय." मी दत्तूचं आणखी थोडं सांगितलं. तो म्हणाला, "व्हय."

तेवढ्यात सदऱ्याला हिसका बसला. शेवंता कागद घेऊन उभी होती. साहेबानं सही कधीच केली, असं तिनं सांगितलं. मी तिला म्हटलं, थांब जरा, या आप्पांशी बोलतोय, फार समजूतदार माणूस आहे.

शेवंतानं तोंडावरचा पदर बाजूला केला, मला एकेक अक्षर दिसावं म्हणून.

"अवो, त्यो ठार भैरा हाय. आतलं बोलणं बाह्यार जाऊ नये म्हणून सायबानं मुद्दाम तसला बघून ठिवलाय. तुमी दोगं मघापासनं एकमेकास्नी व्हय व्हय करतायसा, आन् समदा व्हरांडा खिडकीतनं बघतोय."