न लागलेली खिट्टी

मंगळवारी दुपारी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सर्व्हर दुरुस्त करायला गेले होते. चार दिवस झाले, पण डोक्यातून जात नाहीये... म्हणून लिहितेय.

मी सर्व्हरची हार्डवेअर इंजिनिअर. लालबागला राहते, त्यामुळे परळ-दादरचे कॉल बहुतेक माझ्याकडेच येतात. या लॅबचा सर्व्हर महिनाभर मधेच बंद पडत होता. लॉगमध्ये सगळ्या एरर एकाच मेमरी मॉड्यूलच्या, म्हणजे मेमरीच्या एका पट्टीच्या होत्या, म्हणून ते बदलायचं ठरलं.

या लॅबमध्ये कॅन्सरचे पेशंट खूप. सर्व्हर पडला की अर्धवट भरलेला रिपोर्ट उडायचा, मग सगळं पुन्हा तपासून पुन्हा भरायचं. लॅबच्या इन-चार्ज कांबळे मॅडम मला हे सांगत होत्या, तेव्हा काउंटरपाशी एक म्हातारे काका उभे होते. वरळी कोळीवाड्यातून आलेले. बायकोच्या रिपोर्टसाठी हा त्यांचा तिसरा हेलपाटा... आणि रिपोर्ट नाही म्हणून तिची केमोची तारीख पुढे गेलेली.

"बाय, आज तरी भेटंल ना?" त्यांनी मलाच विचारलं.

"आज देऊनच पाठवतील, काका," मी म्हटलं आणि आत गेले.

सर्व्हर रीतसर बंद केला, दोन्ही पॉवर केबल काढल्या. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून त्याची क्लिप रॅकच्या लोखंडाला लावली. आपल्या अंगातली वीज आपल्याला जाणवतही नाही, पण तेवढ्यानेही चिप जाऊ शकते. मग झाकण उघडलं.

मेमरीची पट्टी खाचेत बसवताना दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यायचा. दोन्हीकडच्या खिट्ट्या 'कट्' करून लागल्या, की ती बसली. ज्या पट्टीच्या एरर येत होत्या, तिची एका बाजूची खिट्टी लागलेलीच नव्हती. त्या टोकाला पट्टी केसभर वर होती. अशी पट्टी काही महिने चालतेही, मग हळूहळू सैल होत जाते.

आधी संतापच आला. कोणी बसवलंय हे? झाकणाच्या आतल्या बाजूला आमच्या कंपनीचा स्टिकर होता, मेमरी वाढवल्याचा. त्यावर तारीख आणि खाली सही.

सही माझी होती.

आणि ती तारीख मी विसरणं शक्यच नाही. गेल्या वर्षी त्या दिवशी मी याच खोलीत होते. शेवटची पट्टी हातात असताना भावाचा फोन आला, "ताई, बाबांना दादरला हॉस्पिटलमध्ये नेलंय, ये लवकर." मी पट्टी दाबली, सर्व्हर चालू केला, स्क्रीनवर मेमरी पूर्ण दिसली. मेमरी टेस्ट चालवायला अर्धा तास लागतो. ती मी चालवली नाही... फॉर्मवर मात्र 'टेस्ट ओके' लिहिलं आणि पळाले.

दादरला पोहोचले तेव्हा बाबा गेले होते.

मंगळवारी तो स्टिकर वाचला, तेव्हा त्या खोलीत मी एकटीच होते. कोणाला काही कळणार नव्हतं. 'सदोष मॉड्यूल बदललं' एवढं लिहिलं असतं तरी काम संपलं असतं.

नवीन पट्टी बसवली. दोन्ही खिट्ट्या बोटाने चाचपून पाहिल्या. या वेळी टेस्ट पूर्ण होऊ दिली, आणि मग बाहेर येऊन कांबळे मॅडमना त्या दिवशीच्या फोनसकट सगळं सांगितलं.

"टेस्ट केलीच नव्हती? आणि ओके लिहून दिलंत?"

"हो."

 त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. आत्ताच."

मी लिहून दिलं. बाबांचं त्यात लिहिलं नाही.

तोपर्यंत काकांना रिपोर्टचं पाकीट मिळालं होतं. जाता जाता ते माझ्यापाशी थांबले. "बरं झालं बाय, तू आलीस."

मला ते सहन होईना. "काका, उशीर माझ्याच चुकीमुळे झाला. मागच्या वेळी मी काम नीट केलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "आता डॉक्टर कधीची तारीख देतील गो?" एवढंच त्यांनी विचारलं. मॅडमनीच फोन उचलला आणि डॉक्टरांच्या ओपीडीला लावून दिला. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली. पाकीट शर्टाच्या आत धरून काका निघून गेले.

कंपनीने मला मेमो दिलाय, ती लॅब आता दुसरा इंजिनिअर बघेल. ते बरोबरच आहे.

घरचे म्हणतात, वडील जात होते, कोणाच्याही हातून झालं असतं. असेलही... पण कांबळे मॅडम तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि फाइलला लावला. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.