धरणावरच्या दोन हाका

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्हालाच का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी मूळचा लातूरकडचा. राहायला निगडीला, नोकरी चाकणच्या एका कंपनीत, क्वालिटीला. दत्ता तिथल्याच गावचा. घरची जमीन कारखान्यांत गेली, मग त्यानं टेम्पो घेतला आणि आमच्या कंपनीला लावला. विहिरीत पोहून वाढलेला गडी. धरणावर पॅडलबोर्ड आले — उभं राहून लांब वल्ह्यानं हाकायची फळी — तेव्हा त्यानंच मला ओढत नेलं. तिथल्या शर्यतीसाठी दोन हिवाळे आम्ही दर रविवारी सकाळी सराव केला. मी मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके मोजायचो. तो नुसता वल्हवायचा. "किती ऱ्हायलं ते बघायचं न्हाई, राव. फकस्त म्होरचा हात मारायचा." व्हिडिओ पाहून पाहून मी जे शिकत होतो, ते त्यानं एवढ्यात सांगितलं होतं.

शर्यत अठरा किलोमीटरची. आळीपाळीनं पुढे राहायचं ठरलं होतं. पुढचा वारा अंगावर घेतो. मागचा त्याच्या फळीमागच्या लाटेवर निम्म्या कष्टात चालतो. दोघं असे गेले तर दोघंही टिकतात.

शर्यतीच्या सकाळी पाणी तेलासारखं निपचित पडलेलं. काठावर एक बगळा नाही. होडीवाले मामा आभाळाकडे बघत म्हणाले, "लवकर फिरा. आज वारं सुटंल." आम्ही हसलो. मला आठवतं, दत्ता जरा कमीच हसला.

सहाव्या किलोमीटरला माझी पाळी आली. मी म्हणालो, पोटरीत गोळा आलाय. आला होता का? नाही — पाय ठणठणीत होते. मला शेवटासाठी दम राखायचा होता. खरं सांगू? मला एकदा तरी त्याच्या आधी पोचायचं होतं.

"ऱ्हा मागं. मी हाय की," एवढंच म्हणाला. नंतर पाळीचं नावही काढलं नाही.

मग वारा सुटला. पाणी काळं पडलं, लाटा फळीवरून जाऊ लागल्या. तासाभरात त्याचा उजवा हात आखडत चाललेला मला दिसत होता. त्याच्या पाठीमागे तर होतो मी — मला नाही दिसणार तर कुणाला? तरी पोटरी धरल्याचं सोंग मी सोडलं नाही.

शेवटच्या वळणाआधी तो गुडघ्यांवर बसला. मी बाजूनं पुढे निघालो. थोडा गेलो असेन — मागे धप्पकन आवाज. मग हाक. माझं नाव. मग पुन्हा एकदा, घोगरी.

मी तिसरा आलो. काठावर कुणीतरी विचारलं, दत्ता कुठाय? "येतोय मागनं," मी म्हणालो. पाऊण तास सगळे वळणाकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो — हेही सांगायलाच हवं.

होडीवाल्या मामांना तो धरणाच्या दगडी भिंतीपाशी सापडला. वाऱ्यानं तिकडे लोटलेला, एका हातानं फळीला लोंबकळत. उजवा खांदा निकामी. ऑपरेशन झालं, पण हात आजही खांद्याच्या वर जात नाही. टेम्पो विकला. आता एका गोदामावर राखणीला असतो.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो. वहिनींनी चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "भावजी, तुमी तर जवळच व्हता न्हवं?"

माझ्याआधी दत्ताच बोलला. "अगं, वारं केवढं व्हतं! त्याला कसं ऐकू यील?"

मी मान डोलावली. चहा प्यायलो.

ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा. पहिल्या हाकेला तर मी वल्हं वर धरून थांबलोही होतो. दुसऱ्या हाकेला कळलं, की त्याला फळीवर चढता येत नाहीये — आणि मी वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.